लेन्सच्या कोणत्या बाजूला?

कॅमेऱ्यांच्या दुकानात अलीकडे एक नवा कप्पा तयार झाला आहे. जॅकेटच्या खिशात मावणारे, पाव किलोच्या आसपास वजनाचे, कडेला उघडणाऱ्या स्क्रीनचे, आणि काहींच्या माथ्यावर केसाळ टोपी चढवलेले असे कॅमेरे तिथे मांडलेले असतात. हे व्लॉगिंगचे कॅमेरे. कॅमेरा स्वतःकडे वळवून चालताबोलता आपले सांगणे चित्रित करणाऱ्यांसाठी ते बनवलेले आहेत. सोनीने मे २०२० मध्ये ‘झेडव्ही-१’ आणला आणि या जातीला ठळक ओळख मिळाली. मग २०२२ मध्ये ‘झेडव्ही-१एफ’, २०२३ मध्ये ‘झेडव्ही-१ मार्क २’ आणि कॅननचा ‘पॉवरशॉट व्ही१०’, २०२५ मध्ये कॅननचाच ‘पॉवरशॉट व्ही१’ अशी रांग लागली. पण या कप्प्यापुढे उभा राहणारा प्रत्येक माणूस व्लॉग करणारा नसतो. कुणाला सहलीचे फोटो काढायचे असतात, कुणाला घरच्या लोणच्यामसाल्यांचे, कुणाला मुलांचे, कुणाला पाखरांचे. त्यांचा प्रश्न साधा असतो: व्हिडिओ चांगला येतो हे कळले, पण फोटोसाठी हा घ्यावा का? उत्तरादाखल त्यांच्यापुढे ठेवली जाते ती वैशिष्ट्यांची यादी. खरे उत्तर मात्र यादीत जे नाही त्यात दडलेले असते. काय काढून टाकले आहे आणि कुणाच्या सोयीसाठी, हे समजले की हा कॅमेरा कुणाला मानवेल हे आपोआप कळते.

कोणताही लहान कॅमेरा म्हणजे तडजोडीचा संच असतो. तीनशे ग्रॅममध्ये सगळे बसत नाही, म्हणून काही ठेवावे लागते आणि काही सोडावे लागते. यात काही तडजोडी आकार लहान ठेवल्यामुळे येतात. त्या कॅमेरा व्लॉगिंगचा असो वा नसो, अटळ असतात. दुसऱ्या तडजोडी व्लॉगिंगसाठी मुद्दाम केलेल्या असतात. या दोहोंची गल्लत झाली की निवड चुकते. लहान सेन्सरमुळे येणाऱ्या उणिवेचे खापर व्लॉगिंगच्या माथी फोडले जाते, आणि व्लॉगिंगसाठी खरोखर जे गमावले त्याकडे लक्षच जात नाही. सुदैवाने हा फरक नीट तपासण्यासाठी एक चांगले उदाहरण हाताशी आहे. झेडव्ही-१ काही शून्यातून घडलेला नाही. सोनीच्या ‘आरएक्स१००’ मालिकेतल्या कॅमेऱ्यांचा तो सख्खा भाऊ आहे, आणि ही मालिका २०१२ पासून छायाचित्रकारांसाठीच चालत आलेली आहे. २०१६चा आरएक्स१०० मार्क ५, २०१९चा मार्क ७ आणि २०२०चा झेडव्ही-१ या तिघांत २०.१ मेगापिक्सेलचा, एकाच जातकुळीचा ‘एक इंची’ सेन्सर आहे. मार्क ५ आणि झेडव्ही-१ यांच्या लेन्सची व्याप्तीही तीच, ३५ मिमी फिल्मच्या हिशेबात २४ ते ७० मिमी आणि अ‍ॅपर्चर एफ १.८ ते २.८. वजनही जवळपास तेवढेच: मार्क ५ २९९ ग्रॅम, झेडव्ही-१ २९४ ग्रॅम. गाभा सारखाच असल्याने या दोघांत जो फरक उरतो तो बहुतांशी व्लॉगिंगचा, असे निर्धास्तपणे म्हणता येते.

तो फरक काय आहे? मार्क ५ मध्ये बटण दाबताच वर उसळणारा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर होता, तो गेला. आतून वर येणारा चिमुकला फ्लॅश होता, तो गेला. मोड बदलण्याची गोल चकती गेली, तिच्या जागी एक बटण आले. त्या बदल्यात वरच्या पट्टीवर तीन कॅप्सूलचा माइक बसला, वाऱ्याची घरघर अडवायला त्याच्यासोबत केसाळ आवरण मिळाले, बाहेरचा माइक जोडायला जागा झाली, पूर्वी नसलेला हॉट शू, म्हणजे माइक किंवा फ्लॅश अडकवायची वरची खाच, आली, स्क्रीन वरऐवजी कडेला उघडून समोर फिरू लागली, आणि चित्रण चालू असल्याचे सांगणारा लाल दिवा पुढच्या बाजूला लागला. ही देवाणघेवाण ओळीने मांडली की तिच्यातला धागा दिसतो. जे गेले ते सारे कॅमेऱ्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाचे होते: डोळा लावायचा तो, अंगठ्याने चकती फिरवायचा तो, समोरच्यावर फ्लॅश टाकायचा तो. जे आले त्यातले बहुतेक समोर उभ्या असलेल्या माणसाचे आहे: स्वतःला स्क्रीनवर बघणारा तो, बोलणारा तो, लाल दिवा बघून सुरू झाले हे ओळखणारा तो. म्हणून असा कॅमेरा घेण्याआधी पहिला प्रश्न मेगापिक्सेलचा नाही, किमतीचाही नाही. आपण लेन्सच्या कोणत्या बाजूला उभे राहणार, हा तो प्रश्न आहे.

आधी आकारामुळे आलेल्या तडजोडी बाजूला काढू, कारण त्या सर्वांना सारख्याच भोवतात. ‘एक इंची’ हे नावच फसवे आहे. ते जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या नळ्यांच्या बाह्य व्यासावरून आले. प्रत्यक्ष सेन्सर १३.२ बाय ८.८ मिमीचा, म्हणजे साधारण ११६ चौरस मिमी. फुल फ्रेम सेन्सर ८६४ चौरस मिमीचा असतो, सुमारे साडेसात पट मोठा. तेवढेच अ‍ॅपर्चर आणि तेवढाच शटर वेग ठेवला तर मोठ्या सेन्सरवर एकूण साडेसात पट प्रकाश पडतो, म्हणजे जवळपास तीन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). संध्याकाळच्या मंडपात किंवा घरातल्या एका बल्बच्या उजेडात फोटो रवाळ येतो, तो या गणितामुळे. पार्श्वभूमी धूसर होण्याचेही तसेच. दूरची पार्श्वभूमी किती विरघळेल हे मुख्यतः लेन्सच्या छिद्राचा व्यास ठरवतो. झेडव्ही-१च्या लांबच्या टोकाला हा व्यास सुमारे ९ मिमी भरतो, तर मोठ्या कॅमेऱ्यांच्या ५० मिमी एफ १.८ लेन्सचा सुमारे २८ मिमी. ‘एफ १.८’ हा आकडा दोन्हीकडे दिसतो, पण परिणाम तोच मिळत नाही. बॅटरीची गोष्टही आकाराशीच बांधलेली. प्रमाणित चाचणीत झेडव्ही-१ एका चार्जवर सुमारे २६० फोटो काढतो आणि थांबत-सुरू करत सुमारे ४५ मिनिटे चित्रण करतो. त्याची हीच बॅटरी आरएक्स१०० मध्येही आहे. कार्ड एकच, पावसापाण्यापासून संरक्षण नाही. यातले काहीही व्लॉगिंगमुळे झालेले नाही. खिशात मावणारा कॅमेरा हवा म्हटले की ही किंमत मोजावीच लागते.

आता व्लॉगिंगने मागितलेली पहिली मोठी किंमत पाहू, ती म्हणजे व्ह्यूफाइंडर. याच्या जाण्याला कमी लेखले जाते, कारण फोनवर वाढलेल्या पिढीला डोळा लावून बघण्याची सवयच नाही. पण व्ह्यूफाइंडर निव्वळ सवय म्हणून टिकलेला नाही, त्याची तीन ठोस कामे आहेत. भर दुपारी, विशेषतः पांढऱ्या वाळूवर किंवा उघड्या कातळावर, स्क्रीनवर आकाशच जास्त दिसते. तिचा उजेड वाढवण्याची सोय आहे, पण ती बॅटरी खाते, आणि बॅटरी आधीच तुटपुंजी. डोळा लावला की बाहेरचा प्रकाश तुटतो आणि चौकट चारही कोपऱ्यांसह दिसते. दुसरे, कॅमेरा कपाळाला टेकतो. दोन हात आणि चेहरा अशा तीन टेकूंवर तो हात लांबवून धरलेल्या कॅमेऱ्यापेक्षा स्थिर राहतो आणि कमी उजेडात शटर थोडे हळू ठेवता येते. तिसरे काम चाळिशी ओलांडलेल्यांना लगेच पटेल. हातभर अंतरावरचे नीट वाचायला ज्यांना चष्मा लागतो, त्यांना स्क्रीनवर फोकस बसला की नाही हे कळत नाही. दूरचे बघायला चष्मा काढायचा आणि स्क्रीन बघायला लावायचा, अशी ओढाताण होते. व्ह्यूफाइंडरला स्वतःचा नंबर जुळवण्याची सोय असते, त्यामुळे चष्म्याविना चित्र स्वच्छ दिसते. पंचवीस वर्षांच्या मुलाला हा गुण निरुपयोगी वाटेल, पन्नाशीतल्या हौशी छायाचित्रकाराला मात्र कॅमेरा घेण्या-न घेण्याचे हेच कारण ठरू शकेल.

फ्लॅशची बाब मात्र वाटते तशी सरळ नाही. आतला फ्लॅश गेला हे नुकसान खरे. त्याचा उजेड जेमतेम दोन-तीन मीटर नीट पोचायचा, तरी पाठीमागे सूर्य असलेल्या चेहऱ्यावरची सावली काढायला तो पुरायचा आणि वेगळे काही सोबत न्यावे लागत नसे. पण मार्क ५ ला हॉट शू नव्हता, मार्क ७ लाही नाही. झेडव्ही-१ मध्ये तो माइकसाठी दिला आणि त्याच जागी बाहेरचा फ्लॅशही बसतो. बाहेरचा फ्लॅश अधिक ताकदीचा असतो, आणि छताकडे वळवता येणारा घेतला तर उजेड परतून मऊ होऊन खाली येतो. म्हणजे व्लॉगरसाठी केलेल्या एका सोयीने प्रकाशाशी खेळणाऱ्या फोटोग्राफरला नकळत एक दार उघडून दिले. नुकसान झाले ते कुठलीही तयारी न करता खिशातून कॅमेरा काढणाऱ्याचे. फ्लॅश वेगळा बाळगायची तयारी असलेल्याचा झाला तो फायदा. तडजोड एकच, पण माणूस बदलला की तोट्याचा नफा होतो.

असाच दुसरा अनपेक्षित लाभ एनडी फिल्टरचा. हा करडा फिल्टर प्रकाश तीन स्टॉपने, म्हणजे एक अष्टमांश करतो. चित्रणात तो का लागतो हे समजून घेण्यासारखे आहे. सेकंदाला २५ चौकटी घेताना हालचाल डोळ्याला नैसर्गिक वाटावी म्हणून शटर साधारण एकपन्नासांश सेकंदावर ठेवतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने दिव्यांची लुकलुकही या वेगाला टळते. पण दुपारच्या कडक उन्हात, आयएसओ सर्वांत कमी ठेवूनही, एवढे हळू शटर चालवायला छिद्र एफ २२च्या आसपास बारीक करावे लागेल, आणि ही लेन्स एफ ११ पलीकडे जातच नाही. फिल्टर लावला की हिशेब एफ ८ वर येतो आणि चित्रण शक्य होते. मार्क ७ ने २०० मिमीपर्यंतचा लांब झूम मिळवला, पण त्यात हा फिल्टर नाही. झेडव्ही-१ने मार्क ५ मधला फिल्टर कायम ठेवला. स्थिरचित्रे काढणाऱ्याला तो असा उपयोगी पडतो: पावसाळी ढगाळ उजेडात सह्याद्रीतल्या धबधब्याचे पाणी रेशमासारखे हवे असेल, तर ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून, वेगळी काच न लावता, शटर आठपट लांबवता येते. भर उन्हात उघड्या अ‍ॅपर्चरवर चेहरा टिपायचा असेल तेव्हाही तो हात देतो. व्लॉगिंग कॅमेरा फोटोग्राफरसाठी नाही, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी या फिल्टरचा विचार केलेला नसतो.

आता निरनिराळ्या माणसांना ही फूटपट्टी लावून पाहू. या कॅमेऱ्याचा सर्वांत मोठा लाभ ज्याला होतो तो स्वतःला फोटोग्राफर म्हणवतही नाही. घरून मसाले, साड्या, दागिने, मातीची भांडी विकणारा लहान उद्योजक हा तो माणूस. त्याचा विषय हातभर अंतरावर असतो, उजेड त्याच्या ताब्यात असतो, कॅमेरा बहुधा ट्रायपॉडवर असतो आणि तो स्वतः कधी लेन्सच्या मागे तर कधी पुढे असतो. झेडव्ही-१मध्ये वस्तू दाखवण्यासाठी एक खास सोय आहे. बोलता बोलता वस्तू लेन्सपुढे धरली की फोकस चेहऱ्यावरून तिच्यावर सरकतो आणि वस्तू खाली घेतली की पुन्हा चेहऱ्यावर येतो. रुंद टोकाला सुमारे ५ सेंटीमीटरपर्यंत जवळ जाता येते, त्यामुळे जरीचा काठ किंवा नथीतला मोती टिपता येतो. लहान सेन्सरमुळे पार्श्वभूमी कमी विरघळते, हा इतरांना खुपणारा दोष इथे गुण होतो, कारण पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत वस्तू स्पष्ट दिसायलाच हवी असते. व्ह्यूफाइंडरची त्याला आठवणही येणार नाही. एकच खबरदारी हवी. ट्रायपॉडचा आटा बॅटरीच्या झाकणाला लागून आहे, म्हणून बॅटरी बदलायची तर दर वेळी कॅमेरा खाली उतरवावा लागतो.

घरातल्या मुलांचे, सणावारांचे, सहलींचे फोटो काढणाऱ्यालाही हा कॅमेरा बराच मानवतो. सेकंदाला २४ पर्यंत फोटो घेण्याची क्षमता आणि डोळ्यांचा माग ठेवणारा फोकस मार्क ७च्या पंगतीतला आहे, म्हणून पळणारे मूल निसटत नाही. समोर फिरणाऱ्या स्क्रीनमुळे फोटो काढणारी व्यक्तीही कुटुंबाच्या फोटोत येते. घरोघरच्या अल्बमात आई किंवा बाबा कायम गैरहजर असतात, हे ज्याला जाणवले आहे त्याला या स्क्रीनचे मोल वेगळे सांगायला नको. प्रवाशाच्या बाबतीत कौल थोडा विभागला जातो. देवळे, बाजार, जेवणाची ताटे, सोबतची माणसे यांच्यासाठी २४ ते ७० मिमी पुरेसे आहे. पण किल्ल्याच्या माचीवरून समोरच्या डोंगरावरचा बुरूज जवळ ओढायचा म्हटले की ही लेन्स हात टेकते. तिथे लांब झूमचा आणि व्ह्यूफाइंडरवाला मार्क ७ जास्त कामाचा.

रस्त्यावरचे जीवन टिपणाऱ्याची गत अवघड आहे. हा कॅमेरा शांत आहे, लहान आहे, आणि कमरेच्या उंचीवर धरून वरून स्क्रीनकडे बघता येते, त्यामुळे लोक सावध होत नाहीत. पण रस्त्यावरचा क्षण बहुधा उन्हात घडतो, आणि उन्हात स्क्रीन अंधुक दिसते. शिवाय कडेला उघडलेली स्क्रीन लेन्सच्या रेषेत राहत नाही, नजर एकीकडे आणि कॅमेरा दुसरीकडे अशी स्थिती होते. पक्ष्यांच्या नादी लागलेल्यांना तर निखालस नकार द्यावा लागतो, आणि तो गणितानेच देता येतो. ७० मिमीला २० मीटर अंतरावर चौकटीची रुंदी सुमारे १० मीटर असते. २८ सेंटीमीटरचा खंड्या तिथे बसला असेल, तर ५४७२ पिक्सेल रुंदीच्या फोटोत त्याच्या वाट्याला जेमतेम दीडशे पिक्सेल येतात. भिगवणच्या पाणवठ्यावर हा कॅमेरा दृश्य टिपेल, पक्षी नाही. लग्नाचे काम पैसे घेऊन करणाऱ्यानेही मुख्य कॅमेरा म्हणून याच्याकडे बघू नये. मंडपातला उजेड, दिवसभराचे काम आणि दोन कार्डांची गरज या तिन्ही गोष्टी त्याच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. एकाच कार्डावर दुसऱ्याच्या आयुष्यातला न परतणारा दिवस सोपवणे ही जबाबदार वागणूक नव्हे. छायाचित्रण शिकू पाहणाऱ्याला याच्यात सगळे मॅन्युअल मार्ग आहेत, रॉ फाइलही मिळते. मात्र मोडची चकती नसल्याने बरेच बदल बटणांतून आणि मेनूतून करावे लागतात. अ‍ॅपर्चर, शटर आणि आयएसओ यांचे नाते बोटांना पाठ व्हावे लागते, आणि बटणे शोधण्यात ते लवकर होत नाही.

इथे एक मुद्दा निघेल: ही सारी चर्चा २०२०च्या कॅमेऱ्याची झाली, नंतरच्या कॅमेऱ्यांनी या उणिवा भरून काढल्या असतील. प्रत्यक्षात त्यांनी उणिवा भरल्या नाहीत, त्या दुसरीकडे हलवल्या. झेडव्ही-१बद्दल व्लॉगरचीच मोठी तक्रार होती की २४ मिमीची चौकट अरुंद पडते. हिशेब तपासा: चेहऱ्यापासून ६० सेंटीमीटरवर हाताने कॅमेरा धरला तर २४ मिमीला ९० सेंटीमीटर रुंदी दिसते, म्हणजे चेहरा, खांदे आणि कडेला थोडेसे. हलता कॅमेरा सावरणारे इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण लावले की चौकट आणखी आवळते. झेडव्ही-१ मार्क २ने म्हणून १८ मिमीपासून सुरुवात केली आणि तेवढ्याच अंतरावर रुंदी १२० सेंटीमीटर झाली. मोबदल्यात लांबचे टोक ५० मिमीवर आले, तिथले अ‍ॅपर्चर एफ ४ झाले आणि लेन्समधले ऑप्टिकल स्थिरीकरण गेले. पोर्ट्रेट काढणाऱ्याने छिद्राचा व्यास पाहावा: ९ मिमीचा तो साडेचारच्या आसपास, म्हणजे निम्मा झाला. स्वस्तातल्या झेडव्ही-१एफने तर झूम सोडला, एनडी फिल्टर सोडला, वेगवान फेज डिटेक्शन फोकस सोडला आणि रॉ फाइलही सोडली. नंतर संगणकावर फोटो सुधारणाऱ्याचा एक हातच त्याने बांधला. कॅननच्या व्ही१ने थोडा मोठा, १.४ इंची गटातला सेन्सर आणि तापमान आवरायला आत पंखा दिला, पण वजन ४२६ ग्रॅमवर गेले आणि व्ह्यूफाइंडर तिथेही नाही. लेन्स बदलता येणाऱ्या झेडव्ही-ई१०च्या २०२४ मधल्या दुसऱ्या आवृत्तीत यांत्रिक शटरच काढून टाकले, आणि त्यासोबत फ्लॅशचा वापरही गेला. यातून धडा एवढाच की ‘नवा’ म्हणजे ‘फोटोग्राफरसाठी चांगला’ असे समीकरण या कप्प्यात चालत नाही. प्रत्येक पिढी व्लॉगरकडे आणखी सरकली आहे, आणि स्थिरचित्रांचा विचार केला तर जुन्या झेडव्ही-१चेच पारडे अनेक बाबतीत जड राहते.

सर्वांत जोरदार आक्षेप फोनचा आहे. खिशात चांगला फोन असताना हे वेगळे यंत्र कशाला? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. उजळ आकाश आणि गडद सावली एकाच फोटोत सावरणे, अंधारात अनेक चौकटी जुळवून एक स्वच्छ फोटो बनवणे, काढल्या क्षणी पाठवणे यांत फोन पुढे आहे. नुसते २४ मिमीचे दिवसाउजेडीचे फोटो हवे असतील तर फोनपेक्षा जास्त काही हा कॅमेरा फारसे देणार नाही, हे मान्य केले पाहिजे. फरक पडतो तो तीन ठिकाणी. चांगल्या फोनच्या मुख्य लेन्सचे छिद्रही साधारण ४-५ मिमीचे असते, म्हणून ७० मिमीला झेडव्ही-१ देतो तसा खरा धूसरपणा फोन सहसा हिशेबाने रंगवतो, आणि केसांच्या कडांशी तो हिशेब चुकतो. फोनचा झूम एका लेन्सवरून दुसऱ्या, बहुधा लहान सेन्सरच्या लेन्सवर उडी मारतो. इथे मात्र संपूर्ण पल्ल्यात तोच सेन्सर काम करतो. आणि बाहेरचा माइक, फ्लॅश, एनडी फिल्टर यांची सोय अंगभूत आहे. ज्याला या तीनपैकी एकही गोष्ट लागत नाही, त्याने पैसे वाचवावेत.

याच्या उलट टोकाचा आक्षेप जाणकारांकडून येतो: एवढे पैसे घालायचे तर लेन्स बदलता येणारा मोठ्या सेन्सरचा कॅमेराच घ्यावा. प्रतिमेच्या दर्जापुरते ते बरोबर आहे. पहिल्या झेडव्ही-ई१०ची नुसती बॉडी ३४३ ग्रॅमची होती आणि तिच्यात एपीएस-सी सेन्सर होता, एक इंचीच्या तिपटीहून मोठा. पण बॉडीने एकटीने फोटो निघत नाही. तिच्यावर एफ १.८ ते २.८च्या तोडीची झूम लेन्स लावली की वजन, लांबी आणि खर्च तिन्ही वाढतात, आणि कॅमेरा खिशातून पिशवीत जातो. पिशवीतला कॅमेरा ठरवून बाहेर काढावा लागतो, खिशातला सहज हाती येतो. जो माणूस फोटो काढायला म्हणून घराबाहेर पडतो, त्याने मोठा कॅमेराच घ्यावा आणि पश्चात्तापाची वेळ येऊ देऊ नये. जो इतर कामाला निघालेला असतो आणि वाटेत फोटो काढतो, त्याला लहान कॅमेऱ्याची तडजोड परवडते. पण मग त्यानेही पुढचा प्रश्न स्वतःला विचारावा: लहानच हवा, तर तो व्लॉगिंगचा हवा, की व्ह्यूफाइंडरचा?

या प्रश्नाचे उत्तर दुकानदाराकडे नाही आणि तज्ज्ञाच्या तक्त्यातही नाही. ते वाचकाच्याच फोनमध्ये पडून आहे. कॅमेरा घेण्याआधी एक संध्याकाळ काढा आणि गेल्या वर्षभरात स्वतः काढलेले, स्वतःला आवडलेले शंभर फोटो निवडा. त्यांतले किती हातभर ते दोन-तीन मीटर अंतरावरचे आहेत, किती दूरचे. किती घरात किंवा सावलीत, किती भर उन्हात. किती फोटोंत तुम्ही स्वतः आहात किंवा असायला हवे होतात, हे मोजा. बहुसंख्य फोटो जवळचे, सावलीतले, आणि तुम्ही कधी लेन्सच्या मागे तर कधी पुढे असलेले निघाले, तर व्लॉगिंग कॅमेऱ्याने सोडलेल्या गोष्टी तुमच्या नव्हत्याच. तो निर्धास्त घ्या. आणि त्यात एनडी फिल्टर, रॉ फाइल आणि खरा झूम आहे ना, तेवढे पाहून घ्या. निम्म्याहून अधिक फोटो दूरचे, उन्हातले, आणि तुम्ही कायम लेन्सच्या मागेच असलेले निघाले, तर व्ह्यूफाइंडर असलेल्या कॅमेऱ्याकडे वळा. त्यासाठी थोडे वजन किंवा थोडे पैसे जास्त लागले तरी हरकत नाही. यांत कोणताच कॅमेरा वाईट नाही. फक्त प्रत्येक जण लेन्सच्या एका बाजूला उभ्या असलेल्या माणसाचा विचार करून बनलेला आहे, आणि ती बाजू तुमची आहे का, एवढेच तुम्हाला तपासायचे आहे.